महापालिकेचं प्रचार साहित्य सांभाळताना: तीन वर्षांचा अनुभव

2021 च्या दिवाळीनंतर मी एका ड वर्ग, म्हणजे लहान शहराच्या महापालिकेत आयईसीच्या कामावर लागले, कंत्राटी पद, दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड देऊन पुन्हा ऑर्डर. आयईसी म्हणजे माहिती, शिक्षण आणि संवाद. सोप्या भाषेत सांगायचं तर शहराच्या नावाने जे जे छापलं जातं, रंगवलं जातं, चिकटवलं जातं आणि मोबाईलवर टाकलं जातं ते सगळं. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, कारण चुका पण सांगणार आहे आणि तिथली माणसं माझी आहेत. पण हे काम कसं चालतं हे बाहेर कुणालाच माहीत नसतं, डिझाईन शिकलेल्या मुलांना तर अजिबातच नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

रुजू झाले त्याच दिवशी संध्याकाळी निरोप आला, मॅडम उद्या सकाळी नऊला शाळेच्या मुलांची रॅली आहे, बॅनर पाहिजे. मी विचारलं लोगो कुठे मिळेल. एका मिनिटात व्हॉट्सअपवर चार जणांकडून चार लोगो आले आणि चारही वेगळे! एकाचा गोल निळा, एकाचा हिरवा, एकाला खाली पट्टी होती, एक तर कुणीतरी लेटरहेडवरून मोबाईलने फोटो काढून पाठवलेला, त्यात टेबलाची सावली पण आली होती. त्या रात्री जो त्यातल्या त्यात बरा होता तो घेऊन बॅनर केला. पण पुढच्या महिनाभरात मी जिथे जिथे लोगो दिसेल तिथे फोटो काढत गेले: पाणीपट्टीचं बिल, घरपट्टीची नोटीस, अग्निशमनची गाडी, बागेचं गेट, जन्मदाखला, कचराकुंडी, कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं. एकूण अकरा प्रकार निघाले. मूळ चिन्हात नदीच्या तीन लाटा आहेत असं जुने लोक सांगत होते, काही ठिकाणी दोनच उरल्या होत्या. बोधवाक्यात ‘जनहिताय’ आहे, ते पाच ठिकाणी ‘जनहीताय’ छापलेलं, आणि त्यातलं एक मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, चांगलं दोन फुटी अक्षरात.

मला तेव्हा खूप लागलं ते. पिंपरी चिंचवडचं ‘कटिबद्ध जनहिताय’ किंवा मुंबईचं ‘यतो धर्मस्ततो जयः’ लोकांना डोळे मिटून आठवतं कारण ते वर्षानुवर्षं एकसारखं समोर येतं, आणि आमच्या शहराला स्वतःचं चिन्ह नीट उमटवता येत नव्हतं.

मूळ चित्र शोधायला मग रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथल्या दादांनी दोन दिवस माझ्यासोबत गठ्ठे उपसले, त्यांचे उपकार आहेत. नगरपालिका असतानाची एक स्मरणिका सापडली, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर चिन्ह काळ्या शाईत स्वच्छ छापलेलं आणि खाली ते काढणाऱ्या चित्रकलेच्या सरांचं नाव. सर निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली पण शहरातच राहत होते. मी घरी गेले, त्यांनी चष्मा लावला, माझ्या मोबाईलमधले अकराच्या अकरा प्रकार शांतपणे बघितले आणि मग आतून एक कागदाची गुंडाळी आणली, ड्रॉइंग शीटवर कंपास आणि रुलिंग पेनने काढलेलं मूळ चित्र. कडेला पेन्सिलीने मापं लिहिलेली. कणसाला दाणे किती, लाटेची जाडी आणि दोन लाटांमधली जागा सारखी का, हे सगळं त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "दोन लाटांमधली जागा बुजली की लांबून ती नदी दिसत नाही बेटा, डाग दिसतो." त्या शीटचं स्कॅन करून मी घरी बसून चार रात्री एकेक रेघ पुन्हा काढली, प्रिंट घेऊन सरांना दाखवली, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. आमच्याकडची पहिली खरी मूळ फाईल ती. रंगीत, एकरंगी आणि गडद कापडावर छापायला पांढरी अशा तीन तऱ्हा केल्या आणि बाकी काहीच ठेवलं नाही.

फाईल तयार झाली म्हणजे काम झालं असं मला वाटलेलं, पण खरं काम तिथून सुरू झालं कारण महापालिकेत कुठलीही गोष्ट नस्तीवर, म्हणजे फाईलवर, आल्याशिवाय ती असत नाही. टिपणी लिहायची, ती स्वच्छता निरीक्षक, आरोग्य अधिकारी, उपायुक्त, लेखा विभाग करत आयुक्तांपर्यंत जाणार, मध्ये कुणी ‘चर्चा करावी’ लिहिलं की पुन्हा खाली. लोगोची टिपणी मंजूर व्हायला अडीच महिने लागले. मंजुरी आल्यावर सगळ्या विभागांना परिपत्रक गेलं की यापुढे छपाईला हेच चिन्ह, जुनं साहित्य संपेपर्यंत वापरा पण नवीन छापू नका. जुनं फेकून द्या असं लिहिलं असतं तर ऑडिटला आक्षेप आला असता, हे मला लेखा विभागातल्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं म्हणून वाचले.

छपाईचंही तसंच. प्रत्येक कामाला तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, कार्यादेश. पहिल्या वर्षी होळीत पाणी वाचवा म्हणून केलेली पत्रकं होळी होऊन गेल्यावर हातात आली. मग मी एक केलं, वर्षभराचं कॅलेंडर बसवलं आणि फ्लेक्स चौरस फुटाला, व्हिनाईल चौरस फुटाला, पत्रक हजारी, भिंत रंगवणं चौरस फुटाला असे सगळ्याचे वार्षिक दर एकाच निविदेत मागवले. त्यात साईज, कागद किती जीएसएम म्हणजे किती जाड, बॅनरला दोरी ओवायची आयलेट म्हणजे कड्या किती अंतरावर हे सगळं लिहून टाकलं. त्यानंतर आठ दिवसांत काम व्हायला लागलं. या कामात कुणी नवीन येत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच असेल, डिझाईनच्या आधी दर ठरवून घे.

आता लोगोंच्या रांगेबद्दल, कारण हा त्रास सगळ्या शहरांना आहे. 2022-23 मध्ये आमच्या एका बॅनरवर काय काय लागायचं बघा: महापालिकेचं चिन्ह, स्वच्छ भारत अभियान, स्वच्छ सर्वेक्षण, माझी वसुंधरा, आझादी का अमृत महोत्सव आणि नंतर जी-20. सहा बाय चारच्या बॅनरमध्ये वरचा फूटभर तिथेच संपला, मग पाहुण्यांची नावं, खाली ‘सौजन्य’, आणि ज्याच्यासाठी बॅनर आहे ती ओळ मधे कुठेतरी चिरडलेली. स्वच्छ भारतचा चष्म्याचा लोगो तर कायम ताणलेला असायचा. तो लोगो आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेला, 2014 मध्ये खुल्या स्पर्धेतून निवडलेला, एका काचेत ‘स्वच्छ’ आणि दुसरीत ‘भारत’, मधली दांडी तिरंगी. इतकं साधं आणि नेमकं काम, आणि जागा भरायला म्हणून कुणीतरी माऊसने एका बाजूने ओढतं आणि गोल काचा अंड्यासारख्या होतात! मी ऑपरेटरला शेजारी बसून शिफ्ट, कोपरा, प्रमाण सगळं दाखवलं. आणि टिपणी टाकून नियम करून घेतला की रस्त्यावरच्या बॅनरवर जास्तीत जास्त तीन लोगो, आमचं, ज्या योजनेचा पैसा आहे तिचं आणि ज्या अभियानाचा विषय आहे त्याचं. वाद झाला, पण आयुक्तांनी सही केली.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. प्रेसमध्ये अजून डिझाईनचं जुनं सॉफ्टवेअर कोरल आणि जुन्या पद्धतीचे श्रीलिपी फॉन्ट चालतात. आपण युनिकोडमध्ये मजकूर पाठवला की तिथे तो फुटतो, वेलांट्या इकडच्या तिकडे, म्हणून ऑपरेटर सगळं पुन्हा टाईप करतो आणि चुका तिथे शिरतात. मजकूर बरोबर पाठवला म्हणून आपण निश्चिंत, आणि छापून येतं ते तिसऱ्याच कुणीतरी घाईत टाईप केलेलं. शिवाय वरून येणारी तयार डिझाईन्स हिंदीत, त्यातला ‘गीला कचरा’ तसाच राहिलेला मी घंटागाडीवर पाहिलाय. फॉन्टमधले ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे येतात. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, राज्य सरकारचा 6 नोव्हेंबर 2009 चा शासन निर्णयच आहे त्यावर. ‘स्वच्छ शहर’ लिहिताना तो श रोज यायचा, आणि दंडाचा ल बघितला की मला तो परक्या गावचा वाटायचा. शेवटी आम्ही मराठी वळण असलेले दोनच फॉन्ट ठरवले, एक ठळक मथळ्याला आणि एक मजकुराला, आणि ते प्रेसच्या मशीनवर मी स्वतः जाऊन टाकले. काही लोकांना हा फाजील लाड वाटला. मला नाही वाटत. महापालिकेची पाटी वाचूनच कितीतरी मुलं अक्षरांची वळणं लक्षात ठेवतात.

आता ती चूक. 2022 च्या पावसाळ्याआधी डेंग्यूची पत्रकं काढली, डेमी 1/8 म्हणजे वहीच्या पानाएवढ्या आकाराची, दोन्ही बाजू, तीस हजार. प्रूफ मी वाचलं, माझ्या आधी दोघांनी वाचलं, शब्दन् शब्द बरोबर. पण तक्रारीच्या नंबरमधले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. पत्रकं वाटायला सुरुवात झाली, तिसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आमच्या खोलीत आले, हातात पत्रक, म्हणाले हा माझ्या घरचा नंबर आहे, सकाळपासून लोक मला गटार साफ करायला सांगतायत. रागावले नव्हते. उलट त्यांनी एका वहीत आलेल्या तक्रारी लिहून आणल्या होत्या, नाव, गल्ली, काय अडचण, तेवीस तक्रारी ओळीने! म्हणाले लोकांचं काम अडायला नको. मी उभ्या उभ्या रडले, खोटं कशाला सांगू. त्या तेवीसच्या तेवीस तक्रारी त्याच दिवशी निरीक्षकांकडे गेल्या. उरलेल्या पत्रकांवर लावायला बरोबर नंबरच्या छोट्या चिकटपट्ट्या छापल्या, बचत गटाच्या बारा ताया आणि आम्ही चौघं दोन दिवस सभागृहात सतरंजीवर बसून एकेक लावत होतो, आणि वाटून झालेल्या भागात घंटागाडीच्या भोंग्यावरून बरोबर नंबर सांगत फिरलो. आजोबांच्या घरी आरोग्य अधिकारी साहेब स्वतः जाऊन माफी मागून आले.

तेव्हापासून माझा नियम असा की प्रूफवर जितके नंबर असतील ते प्रूफवरूनच बघून फोन लावायचे, पलीकडून योग्य ऑफिसने ‘हॅलो’ म्हटलं तरच सही. क्यूआर कोड असेल तर दोन वेगवेगळ्या मोबाईलवर स्कॅन करायचा, तोही छापलेल्या कागदावरून, स्क्रीनवरून नाही. सही झाली की अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे टाईप न करता येणारे नुसते आकार बनवून घ्यायची, म्हणजे नंतर कुणाचा हात लागून काही बदलणार नाही. प्रेसवाले काका आधी कंटाळायचे, नंतर तेच म्हणायला लागले, मॅडम फोन लावला का.

घंटागाडीच्या स्टिकरवर मी सगळ्यात जास्त जीव लावला. गाडीला आत पार्टिशन असतं, एका बाजूला ओला एका बाजूला सुका, आणि आमची आधीची स्टिकर्स गाडीच्या वरच्या पट्टीवर लावलेली, मोठी सुंदर झाडं, पृथ्वी, हसरी मुलं. गाडीवरच्या एक ताई मला म्हणाल्या, "मॅडम, माणूस बादली घेऊन येतो तवा त्याची नजर खाली असती, वर झाड कोण बघतंय." मी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्यांच्यासोबत गाडीच्या मागे चालत गेले आणि खरंच, एकानेही मान वर केली नाही. लोक कडेला बघतात, जिथे बादली टेकवून उपडी करायची तिथे. मग पत्र्याच्या कडेला, हाताच्या उंचीला, हिरव्यावर नुसतं ‘ओला’ आणि निळ्यावर नुसतं ‘सुका’, वीतभर उंच अक्षरं, खाली तीन चित्रं, भाजीचं देठ, चहाचा चोथा, उष्टं अन्न आणि दुसरीकडे पुठ्ठा, बाटली, दुधाची पिशवी. ‘विघटनशील’, ‘स्रोतावर वर्गीकरण’ हे सगळे शब्द काढून टाकले. सॅनिटरी पॅडसाठी मागे वेगळा छोटा डबा आणि त्यावर लाल ठिपका, कारण पॅडचं पुडकं लाल ठिपका करून द्या असं बायकांना आधीच सांगत होतो, त्याच्याशी जुळलं पाहिजे. व्हिनाईलवर लॅमिनेशन घेतलं, कारण गाडी रोज धुतात आणि नुसतं व्हिनाईल दोन महिन्यांत कडेनं सुटतं. गाडी क्रमांक 14 ला पहिलं लावलं आणि आठ दिवस बघितलं, ताईच म्हणाल्या आता मला कमी ओरडावं लागतंय. मग सगळ्या गाड्यांना.

फ्लेक्सचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक-पीव्हीसी बॅनरवर बंदी आली, आणि प्लास्टिक वापरू नका असं प्लास्टिकवरच छापून टांगायचं हे मनाला पटतही नव्हतं. आम्ही कार्यक्रमांना कापडी बॅनर सुरू केले, तारीख न टाकता, म्हणजे पुढच्या वर्षी चालतात. रस्त्यावर मात्र पावसात कापड टिकत नाही, तिथे भिंती रंगवणं बरं पडलं.

फोटोंचा विषय टाळता येणार नाही. पालिकेत प्रशासक होते तरी कुणाचा ना कुणाचा फोटो घालायचा आग्रह यायचाच. सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2015 ला सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो असं सांगितलं होतं, मग 18 मार्च 2016 ला त्यात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री आले. मी हे दोन आदेश टिपणीला जोडायचे, शांतपणे, कुणाशी भांडायला न जाता. काही वेळा ऐकलं, काही वेळा नाही.

पण फोटोचा खरा हिशोब कळला 16 मार्च 2024 ला. शनिवार होता, दुपारी तीनला लोकसभेची घोषणा आणि लगेच आचारसंहिता. सरकारी इमारतींवरचं राजकीय प्रचाराचं साहित्य 24 तासांत, सार्वजनिक जागांवरचं 48 तासांत, खाजगी जागेवरचं 72 तासांत उतरवायचं. घड्याळ लावून काम. आम्ही झोनप्रमाणे याद्या केल्या आणि निघालो तेव्हा लक्षात आलं की बॅनर हे सगळ्यात सोपं, दोरी कापली की झालं. अडतं ते बाकीचं. बागेतला बाकडा, पाठीवर ‘यांच्या निधीतून’, असे एकट्या एका बागेत चाळीस बाकडे, प्रत्येकावर खाकी कागद आणि टेप. कोनशिला कापडाने झाकायच्या. पाण्याच्या टँकरवर नाव, बस थांब्याच्या आत नाव, व्यायामशाळेच्या साहित्यावर नाव, वेबसाईटवर आणि फेसबुक पेजच्या कव्हरवर फोटो. रात्री दीड वाजता मी आणि दोन मुकादम एका सार्वजनिक शौचालयाच्या पाटीवर शिडी लावून कागद चिकटवत होतो. ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ तेवढं उघडं राहिलं पाहिजे म्हणून मोबाईलच्या उजेडात कात्रीने कापत होतो.

ती सगळी यादी मी जपून ठेवली, कोणत्या ठिकाणी काय झाकावं लागलं, किती माणसं, किती तास. निकालानंतर जूनमध्ये ती टिपणीला जोडून वर पाठवली की यापुढे कायमस्वरूपी वस्तूंवर, म्हणजे बाकडे, कुंड्या, टँकर, पाट्या, फक्त महापालिकेचं चिन्ह आणि तक्रार नंबर टाकावा. खर्चाचा आकडा समोर दिसल्यावर मंजुरी लवकर मिळाली. त्याआधी मे महिन्यात, 13 तारखेला, घाटकोपरचं होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली होती, ते 120 बाय 120 फुटांचं होतं. त्यामुळे आमच्याकडेही सांगाड्यांची तपासणी लागली आणि पालिकेचे स्वतःचे दोन जुने सांगाडे काढून टाकले. त्या दोन्हीवर मीच दर महिन्याला फ्लेक्स चढवायला सांगायचे, मुलं दोरीशिवाय वर जायची. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. नंतरच्या कार्यादेशात उंचीवरच्या कामाला पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं लिहून घेतलं.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा जुने बाकडे होतेच, पण जूननंतर बसवलेल्या एकाही वस्तूला कागद लावावा लागला नाही. मुकादम दादा म्हणाले, यावेळी घरी जेवायला पोचलो.

डिसेंबर 2024 ला माझी ऑर्डर संपली, लग्नानंतर शहर बदललं म्हणून मी पुढची घेतली नाही. हस्तांतराला दीड दिवस लागला. साठा नोंदवही, दरांची निविदा, कॅलेंडर, फॉन्ट, नंबर तपासायची वही, आजोबांच्या त्या तेवीस तक्रारींच्या पानाची झेरॉक्स आणि सरांच्या मूळ शीटचं मोठं स्कॅन. माझ्या जागी आलेला मुलगा कम्प्युटरसमोर बसला, दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलातरी कार्यक्रम होताच. त्याने पहिलं विचारलं, मॅडम लोगो कुठला घेऊ?

म्हटलं, ‘मूळ’ नावाचं फोल्डर उघड, त्यात एकच आहे.